डाव्या हाताची नकल

मला कोंबडा येतो. बिघडलेली मोटार येते. शहागंजातला काकडीवाला येतो. आमच्या कचेरीतला पेशकार तर असा येतो की एकदा खुद्द त्याच्या बायकोनं दाराआडून विचारलं, "आलात का? मग तिथंच काय उभे राहिलात?"

शिकलो वैजापूरच्या वस्तानियात. वस्तानिया म्हणजे मधली शाळा, आणि मी बी मधेच राहिलो. मौलवीसाहेबांनी उर्दू शिकवली, दुसऱ्या मास्तरांनी हिसाब शिकवला, आणि दोघं वर्गाबाहेर गेले की मी दोघांना वर्गात परत आणायचो. मार लई खाल्ला. पण मार खाताना सुद्धा बघत असायचो की छडी उचलायच्या आधी मौलवीसाहेब बाही कशी सरकवतात. दुसऱ्या दिवशी ती बाही माझी.

ह्या सगळ्यांतली एक नकल मी आता करत नाही. लोक अजून मागतात. लग्नात मागतात, बारशात मागतात. "अरे ते दवावालं कर की!" मी म्हणतो, विसरलो. विसरलेलो नाही.

वैजापूरहून आमचं बिऱ्हाड औरंगाबादला आलं, कारण वडलांची बदली तिथल्या तालुकदारी कचेरीत, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत, झाली. ते कारकून. मीही त्याच कचेरीत उमेदवार म्हणून लागलो. उमेदवार म्हणजे जागा रिकामी व्हायची वाट बघत फुकट दौत भरणारा माणूस. माझं वय तेव्हा एकोणीस. अकरा ते पाच वाट बघायची आणि पाचनंतर गल्लीत येऊन दिवसभरात कोण कोण बघितलं ते करून दाखवायचं.

बघायला पहिले असायचे चाचा. आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत हिमरूचा माग. चाचा हिमरू विणायचे. रेशीम आणि सूत मिळून असा कपडा की अंगावर आला तर माणूस उगाच ताठ चालायला लागतो. जमिनीत खड्डा, खड्ड्यात चाचांचे पाय, हातात आडवं सूत नेणारा धोटा. वर फळीवर त्यांचा धाकटा भाऊ बसून नक्षीच्या दोऱ्या ओढायचा. वरून दोरी, खालून धोटा. दोघं भाऊ बोलायचे नाहीत, पण हात बोलायचे.

मी उंबऱ्यावर टेकलो की चाचा धोटा थांबवायचे.

"आ गया सरकस! बोल, आज कुनाला पकडून आनलं?"

"पेशकारसाहेब."

"दाखव."

मी दाखवायचो. चाचा हसायचे ते आवाज न करता. खांदे हलायचे, डोळ्यात पाणी यायचं, आणि हात मात्र मागावरून सुटायचे नाहीत, कारण ताणा हलला तर नक्षी बिघडते. इतका जपून हसणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. वर भाऊ मोठ्यानं हसायचा आणि चाचा त्याला दटावायचे, "हौला कहीं का, दोरी पकड! हसना है तो नीचे उतर के हस."

चाचा अफू खायचे. दिवसातून दोनदा, ज्वारीच्या दाण्याएवढी. जवानीत कधीतरी पोटशूळ उठला होता, हकीमसाहेबांनी गोळी दिली. शूळ गेला, हकीमसाहेब बी गेले, गोळी राहिली. पण चाचा अफू हा शब्द कधी तोंडात घ्यायचे नाहीत. कुणी बघतंय असं दिसलं की म्हणायचे, "दवा है मियाँ, दवा." रोज सकाळी दुकानात जायचे ते बी 'दवा आनतो' म्हणून. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडालाच होतं. अफूगांजाचं, सरकारी परवान्याचं. आबकारीचा गुत्ता, म्हणजे मक्ता, घेतलेला गुत्तेदार, त्याचा तराजू, आणि दारावर पाटी. एका माणसाला एका वेळी ठरलेलाच माल द्यायचा असा कायदा होता, म्हणून रोजचे गिऱ्हाईक रोज यायचे.

पिनक म्हणजे अफूची गुंगी. ती येणारे तिथं पायरीवर बसलेले असायचे, मान खाली, मान वर. चाचा त्यातले नव्हते. ते दुकानात जायचे, येऊन माग चालवायचे. मला हे माहीत होतं. पुढं सगळ्यांसमोर नकल करताना मात्र मी ते दाखवलं नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

गल्लीत दोन घरं सोडून वकीलसाहेब राहायचे. माणूस चांगला. खरंच चांगला, चेष्टेनं नाही म्हणत. गरिबाचा खटला फुकट लढवायचे. त्यांनी वाचनालय काढलेलं, आणि दर जुम्म्याला, सुट्टी असल्यामुळं, दुपारी तिथं व्याख्यान ठेवायचे. त्या काळी सभा म्हटलं की परवानगी काढावी लागायची, आणि राजकारणाचा वास आला की परवानगी मिळायची नाही. वकीलसाहेबांनी डोकं लढवलं. विषय ठेवला, 'अफूगांजाचं दुकान वस्तीत असावं की नसावं?' म्हणाले, "अफूवर बोलायला कुणाची हरकत असणार?" म्हणजे अफूला परवाना लागायचा, आणि अफूवर बोलायला बी.

मग मला बोलावून घेतलं. चिमटीत तपकीर घेतली, डाव्या नाकपुडीत भरली, डोळे मिटले, शिंक येते की नाही ह्याची वाट बघितली, आली नाही, मग म्हणाले, "हे बघ, मी बोलेन ते लोक ऐकतील आणि विसरतील. तू एक अफीमची उभा कर. लोकांना दिसू दे. आणि हो, कचेरीत जागा रिकामी होणार आहे म्हणतात. मी तालुकदारसाहेबांच्या कानावर घालीन."

मी तर हवेतच गेलो. आजवर माझ्या नकलेनं मला छड्या मिळाल्या होत्या. जागा मिळते असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

त्या जुम्म्याला वाचनालय भरून माणसं दारात उभी. कचेरीतले, बाजारातले, हिंदू, मुसलमान, सगळे. चाचा आले नव्हते. ते अशा ठिकाणी यायचे नाहीत; हैदराबादच्या कुण्या बड्या घरच्या लग्नासाठी शेरवानीचा कपडा मागावर होता, अर्धा विणून झालेला, आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

पहिले वकीलसाहेब बोलले. "विष विकायला सरकारनं परवाना द्यावा? आणि तो बी लेकराबाळांच्या रस्त्यात?" टाळ्या झाल्या. मग एक पेन्शनीतले म्हातारे मास्तर उठले, उलट्या बाजूनं बोलायला. ते म्हणाले, "दुकान उठवल्यानं अफू उठत नाही, फक्त पाटी उठते. आज माल खरा आहे, वजन खरं आहे, किती द्यायचा त्याला हद्द आहे. उद्या हेच गिऱ्हाईक अंधारातून घेईल तेव्हा त्यात काय कालवलंय हे कोण बघणार? आणि ज्याला वीस वर्षांची सवय आहे त्याचं काय करणार तेवढं सांगा." कुणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, तुम्हाला बी लागती का काय?" मास्तर खाली बसले. त्यांचा प्रश्न तिथंच उभा राहिला, पण त्याच्याकडं कोण बघतो? सगळे माझ्याकडं बघत होते.

मी काहीच बोललो नाही आधी. खड्ड्यात पाय सोडल्यासारखा खुर्चीवर बसलो. धोटा फेकला, एकदा, दोनदा. हॉलमधे हलकंसं हसू फुटलं. ओळखलं लोकांनी. मग थांबलो. हळूच मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, कुणी बघत तर नाही ना, अशी. मग डावा हात कमरेला गेला, डबी निघाली, आणि डाव्याच हातानं गोळी तोंडात टाकली. आपल्याकडं डाव्या हातानं खाणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिथं मी थांबलो आणि लोकांकडं बघून म्हणालो, "उजव्या हाताला सुद्धा लाज वाटते, म्हणून डाव्याला पाठवलं!"

हॉल फुटला. मग मी चाचांचा आवाज काढला, जरा नाकात, जरा ओढून, "दवा है मियाँ, दवा!" आणि मान टाकली पिनकेत. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. वकीलसाहेब हसता हसता शिंकले. वडील शेवटच्या रांगेत होते, ते बी हसले. माझ्या नकलेला ते पहिल्यांदा हसलेले मी बघितले.

नाव घेतलं नाही मी. घ्यायची गरज नव्हती. मी चांगला नकल्या आहे.

त्याच हसण्यात वकीलसाहेबांनी अर्ज पुढं केला आणि सह्यांना रांग लागली. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं अंगठा दिला. त्यात दोघं असे होते ज्यांना मी त्याच सकाळी गुत्तेदाराच्या दुकानातून निघताना बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा 'दवा' आणायला निघाले, आणि पोरांनी मागून आवाज दिला, "दवा है मियाँ, दवा!" चाचांना काही कळलं नाही. त्यांनी वळून हसून बघितलं. तिसऱ्या दिवशी पोरं डाव्या हातानं तोंडात टाकून दाखवायला लागली. तेव्हा कळलं असावं. मी उंबऱ्यावर गेलो तर चाचा म्हणाले, "आज फुरसत नहीं, बेटा." धोटा थांबवला नाही. मी म्हटलं, कामाची घाई असेल. माणूस स्वतःला लई लवकर पटवतो.

महिन्याभरात हुकूम निघाला. दुकान गल्लीतून उठलं आणि गावाबाहेर, पडेगावच्या रस्त्याला गेलं. वकीलसाहेबांनी वाचनालयात पेढे वाटले. मला दोन जास्त.

मग एका सुट्टीच्या दुपारी चाची आमच्या मागच्या दारी आल्या. चाची म्हणजे चाचांची बायको. एरवी आईकडं मिरची कांडायला, गप्पा मारायला यायच्या. त्या दिवशी उभ्याच राहिल्या.

"भाभी, तुमच्याकडं बाळाच्या गोळीतली थोडी असंल का?"

मला हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. आमच्या घरी माझी धाकटी बहीण वर्षाची होती. आई तिला दुपारी बाळगोळी द्यायची, म्हणजे ती झोपायची आणि आईला स्वयंपाक उरकता यायचा. प्रत्येक घरात द्यायचे. त्या गोळीत काय असतं ते प्रत्येक घराला माहीत होतं. अर्जावर सही करणाऱ्या घरांना बी.

आई म्हणाली, "कालच संपली हो. का, काय झालं?"

"छे दिन हो गये. जात नाहीत दुकानाला. मी म्हटलं टांग्यानं जाऊन या पडेगावला, तर म्हनतात, नक्को, मेरेकु लोगां देखते. अंग फुटतंय, पोट चालू आहे, शिंका थांबत नाहीत. धोटा हातातून पडतो भाभी. त्यांच्या हातातून! धाकटा वर बसून रडतो."

मी आत चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि समोरच्या दारानं बाहेर पडलो.

पडेगाव लांब नाही, पण ऊन लांब होतं. दौलताबादच्या रस्त्यानं धूळ खात गेलो. दुकान नवं, पाटी जुनी. बाहेर बाभळीखाली दहाबारा माणसं. मी पुढं झालो आणि गुत्तेदाराला खालच्या आवाजात म्हटलं, "थोडी अफू द्या."

गुत्तेदारानं माझ्याकडं बघितलं, तराजू खाली ठेवला आणि बाहेरच्यांना म्हणाला, "अरे, बघा कोन आलं! आपल्याला इथवर चालवनारे साहेब!"

बाभळीखालून एक म्हातारा उठला. त्यानं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, डावा हात तोंडाकडं नेला. "दवा है मियाँ, दवा!" सगळे हसले. नकल वाईट होती. आवाज चुकला होता, हात आखडला होता. माझ्या आयुष्यातली माझ्यावर झालेली ती पहिली नकल, आणि ती बी माझ्याच नकलेची नकल. मी म्हणालो, "दुसऱ्यासाठी पाहिजे."

"हां, आमी बी दुसऱ्यासाठीच नेतो!" अजून हसू.

गुत्तेदारानं पुडी बांधली. देताना मात्र तो हसत नव्हता. "म्हाताऱ्यासाठी ना? किती दिवस झाले?"

"सहा."

"मग एकदम जुनी मात्रा देऊ नको. निम्म्याची निम्मी दे, तेवढीच. वीस वर्षं माझ्याकडं येतो तो. एक दिवस जास्त मागितली नाही त्यानं."

पुडी घेऊन आलो तेव्हा चार वाजले असतील. माग थांबलेला होता. धाकटा भाऊ कुठंतरी गेलेला. चाचा भिंतीला टेकून बसलेले, अंगावर चादर, नाक लाल, दाढी वाढलेली. सहा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. मी पुडी पुढं ठेवली. तोंडात शब्द आला तो नेमका नको तो आला. म्हणालो, "दवा."

चाचांनी पुडीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पडेगाव से लाया? तू?"

"व्हय."

"नक्को आता. सहा दिवस मरून काढले, सातवा बी निघंल. फिरून तिथंच कशाला जाऊ?" जरा थांबले, शिंकले, नाक पुसलं. "लोगां हंसे ना लई?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मैं देखा नहीं. सगळ्या औरंगाबादनं बघितलं, मीच नाय बघितलं. करून दाखव."

"चाचा, नको."

"दाखव म्हनतो ना. माझी है, माझ्यापुढं कर."

मी केली. काय करणार? खड्ड्याच्या काठावर बसलो, धोटा फेकला, थांबलो, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, डाव्या हातानं तोंडात टाकली. विनोद केला नाही. आवाज काढला नाही. ते दोन नसले तर त्या नकलेत काय राहतं, हे मला तेव्हा दिसलं. काहीच चोरासारखं नव्हतं तिथं. एक माणूस काम थांबवत होता, बस.

चाचा नीट बघत होते. परीक्षकासारखे. मग म्हणाले, "मान चुकली."

"कशी?"

"तू लोकांकडं बघतोस. मी लोकांकडं नाय बघत. माग थांबवायचा तर आधी कपड्याच्या दोन्ही किनारी बघायच्या. डावी सरळ है का, उजवी सरळ है का. बघितल्याबगर धोटा ठेवायचा नाय. माझा बाप बघायचा, त्याचा बाप बघायचा." त्यांनी मान वळवून दाखवली. डावी किनार, उजवी किनार. मी हजारदा बघितलेली मान. "और हाथ..."

त्यांनी उजवा हात चादरीतून बाहेर काढला. थरथरत होता. "अफीम चिकट रहती. बोटाला लागली की जात नाय, भुरा डाग राहतो. उजव्या हाताला रेशीम धरायचं असतं. रेशमाला डाग लागला तर कपडा गेला. म्हनून डावा." आणि मग लहान पोराला समजावतात तसं, हळूच, "लाज नाय रे बेटा. कपड्यासाठी."

मी इतकं बारीक बघणारा. बाही कशी सरकते, नाक कसं उडतं, सगळं माझ्या डोळ्यात. डावा हात मी बघितला, रेशीम नाय बघितलं. ते रेशीम त्या हातापासून वीतभर लांब होतं.

पुडी त्यांनी घेतली नाही. मी ती घरी आणली आणि उकिरड्यात टाकायला निघालो तर आईनं हात धरला. "टाकतोस कशाला? बाळाला होईल." आणि पुडी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

चाचांनी सातवा दिवस काढला, विसावाही काढला. अफू सुटली ती सुटलीच. वकीलसाहेब प्रत्येकाला सांगायचे, "बघा, म्हातारा सुटला की नाही?" खोटं नव्हतं ते. मास्तर म्हणाले होते अंधारातून घेतील, तसं चाचांनी घेतलं नाही. म्हणजे वकीलसाहेब बरोबर? पण पोटशूळ परत आला, इतक्या वर्षांनी, आपल्या घरी आल्यासारखा. आणि हात सावरला नाही. हैदराबादचा कपडा मागावर वाट बघत राहिला. शेवटी धाकट्या भावानं दुसरा एक विणणारा आणून बसवला आणि कपडा पुरा केला. तो उलगडून ठेवला तेव्हा मी बघितला. चांगला होता. पण मधे एक जागा होती, जिथून हात बदलला. फुलं तीच, रंग तोच, फक्त तिथून पुढची फुलं जरा दाटीत बसलेली. कुण्या नवऱ्या मुलानं ती शेरवानी घातली असेल, त्याला काय कळणार? चाचांनी त्या जागेवर अंगठा ठेवला.

मग ते पुढच्या खोलीत बसून कांड्या भरायला लागले. चाकावर सूत गुंडाळायचं. थरथरणाऱ्या हातालाही ते जमतं. मी परत उंबऱ्यावर जायला लागलो. एकदा, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी वकीलसाहेब केले. चिमूट, डावी नाकपुडी, मिटलेले डोळे, न आलेली शिंक, आणि मग, "विष विकायला परवाना द्यावा?"

चाचांचे खांदे हलले. कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं, सुटलो.

डोळे पुसत ते म्हणाले, "अव्वल है. एकदम अव्वल." मग चाक थांबवून म्हणाले, "पन ये उनके सामने कर सकता क्या?"

"का नाही?" मी म्हणालो.

"मेरी तो तू मेरे पीछे किया." रागानं नव्हे. हिशेब जुळवून बघावा तसं.

"करतो," मी म्हणालो. "आणि तुम्ही यायचं बघायला."

संधी बी आली. त्या हिवाळ्यात वकीलसाहेबांनी नवा विषय ठेवला, 'तंबाखू आणि विडीला आवर असावा काय?' अफूचा एवढा गाजावाजा झाल्यावर त्यांना हुरूप आलेला. तंबाखू ते खात नव्हते. तपकीर ही तंबाखूच असते हे त्यांच्या ध्यानात नसावं, किंवा ती नाकातून जाते म्हणून वेगळी धरत असतील. मला निरोप आला, "काहीतरी फक्कड बसव."

मी बसवलं. आठ दिवस आरशासमोर. चिमूट किती उंचीवर थांबते, डोळे मिटायच्या आधी भुवई कशी चढते. शेवटी त्यांच्याच आवाजात विचारणार होतो, "आणि ह्याचं दुकान कुठं हलवायचं?" एवढंच. त्यात अपमान नव्हता. ते बी हसले असते कदाचित. आता वाटतं, हसलेच असते. माणूस चांगला होता.

जुम्म्याला दुपारी वाचनालय परत भरलं. मी उभा राहिलो आणि दारात चाचा दिसले. धुतलेली शेरवानी, टोपी, हातात काठी. आत आले नाहीत. जोडे काढून उंबऱ्यापाशी उभे राहिले. पहिल्यांदाच आले होते त्या जागी.

पुढच्या रांगेत वकीलसाहेब. त्यांच्या शेजारी कचेरीतले पेशकार, ज्यांच्या हातातून उमेदवारांची यादी वर जाते. मागं वडील. त्या आठवड्यात यादी वर जाणार होती. वडलांनी सकाळीच सांगितलं होतं, "आज जरा चांगलं कर. साहेब येतायत."

माझा हात वर गेला. चिमूट झाली. नाकापाशी आली. वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघून हसून मान हलवली, म्हणजे, हं, चालू दे.

आणि ती चिमूट मी खाली नेली, खिशाकडं, आणि तिनंच विडी काढली. काडी ओढल्यासारखं केलं, खोकलो, घोड्याला हाक मारली. स्टेशनाबाहेरचा टांगेवाला. विडीच्या धुरात घोडा शिंकतो, टांगेवाला खोकतो, सवारी उतरून पायी जाते. माझ्या हाताखालची जुनी नकल, न बसवताही येणारी. लोक हसले. वकीलसाहेब हसले, पेशकार हसले, वडील हसले. वकीलसाहेबांनी तपकिरीची डबी काढून, अगदी माझ्यासमोर, चिमूट घेतली आणि डोळे मिटले. कुणाला काही दिसलं नाही. मला दिसलं.

टांगेवाला दुसऱ्या दिवशी स्टेशनावर उभा असणारच होता. आणि पोरं त्याच्या मागं खोकणारच होती.

टाळ्या चालू असताना मी दाराकडं बघितलं. चाचा जोड्यात पाय घालत होते. काठी भिंतीला लावलेली, एक हात चौकटीवर. जायच्या आधी ते थांबले. मान डावीकडं वळवून हॉलची ती बाजू बघितली, मग उजवीकडं वळवून ही बाजू बघितली. मग गेले.

जागा मला मिळाली. अजून तिथंच आहे, कायम.